डॉक्टरांचे बोलणे कळत नाही, म्हणून नोकरी सोडू का?

विदर्भातील एका शहरातून एका वाचक भगिनींनी पत्र पाठवले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आणि गेली अडीच वर्षे घरी बसून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, असा त्यांचा प्रवास आहे. अमेरिकेतील डॉक्टर रुग्णाबद्दल जे तोंडी सांगतात, ते हेडफोनवर ऐकून त्याचा लेखी अहवाल तयार करणे हे त्यांचे काम. सहा महिन्यांपूर्वी त्यांना नवे अकाउंट, म्हणजे नव्या डॉक्टरांचे काम, मिळाले आणि तेव्हापासून दोन डॉक्टरांनी त्यांची झोप उडवली आहे. एकाचे उच्चार परके आहेत. त्यांच्या प्रत्येक फाइलमध्ये सहा-सात ब्लँक, म्हणजे न कळलेल्या शब्दांच्या रिकाम्या जागा, राहतात. दुसरे बहुधा तिथलेच आहेत, पण भरभर बोलतात आणि वाक्याचा शेवट गिळतात. त्यांच्या फाइलींत ब्लँक एखाददुसराच असतो, मात्र क्यूएकडून, म्हणजे अहवाल तपासणाऱ्यांकडून, चुकीच्या शब्दांचे शेरे येतात. लाइन काउंट, म्हणजे ज्यावर पैसे मिळतात ती ओळींची मोजणी, घसरला आहे, पगार कमी झाला आहे. मैत्रिणी व्हॉट्सॲप गटावर न कळलेला तुकडा टाकून एकमेकींना विचारतात, तसे करावे का, हाही त्यांचा प्रश्न आहे. घरचे म्हणतात, सोडून दे. त्यांना स्वतःला वाटते, की "माझे इंग्रजीच कच्चे, माझा कान या कामाचा नाही." रुग्णाची ओळख पटेल असे काहीही न लिहिता त्यांनी कानावर पडलेले दोन तुकडे नमुन्यादाखल कळवले आहेत: "नो बेडल इडिमा" आणि "बर्कोसेट फाइव्ह थ्री ट्वेंटी-फाइव्ह".

प्रिय भगिनी,

मी स्वतः एकोणीस वर्षे हे काम केले आणि त्यातली शेवटची आठ वर्षे क्यूए म्हणून दुसऱ्यांच्या फाइली तपासण्यात गेली, त्यामुळे तुमच्या पत्रातली रात्री दोन वाजता त्याच चार सेकंदांवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग मागे नेणारे पायाचे पेडल दाबत बसण्याची हकीकत मला परकी वाटली नाही. तुम्ही विचारले आहे, की नोकरी सोडू का. त्याचे उत्तर मी शेवटाकडे देईन. पण त्याआधी ज्या समजुतीवर तो प्रश्न उभा आहे, ती समजूत मला तपासून पाहावीशी वाटते. इंग्रजी कच्चे म्हणून कान कच्चा, असे तुम्ही गृहीत धरले आहे.

भरलेल्या एसटीत मागे उभे असताना कंडक्टर पुढून काहीतरी पुटपुटतो आणि आपण पुढे सरकतो, सुट्टे पैसे काढतो. त्याचा एकही शब्द आपल्याला धड ऐकू आलेला नसतो, तरी त्या जागी तो काय म्हणू शकतो हे आपल्याला आधीच माहीत असते. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात; पुण्याचा माणूस पहिल्यांदा मालवणी किंवा अहिराणी ऐकतो तेव्हा तो गांगरतो, पण त्याचे मराठी कच्चे आहे असे कोणी म्हणत नाही, आणि महिनाभर त्या गावात राहिला की त्याचा कान आपोआप बसतो. डिक्टेशनचेही तसेच आहे. ऐकू येणे हे अर्धे काम आहे, आणि उरलेले अर्धे काम त्या जागी काय येऊ शकते याच्या आधीच्या जाणिवेचे आहे. तुमचा कान अपुरा पडत नाही, ती आधीची जाणीव या दोन डॉक्टरांपुरती अजून तयार व्हायची आहे, आणि ती इंग्रजी वर्गात तयार होत नाही.

तुमचाच पहिला तुकडा घेऊ. "नो बेडल इडिमा." हा तुकडा अहवालात कुठे आला ते तुम्ही लिहिले नाही, पण माझी खात्री आहे, की तो तपासणीच्या भागात, अगदी शेवटाकडे आला असणार. डॉक्टर तपासणी सांगताना बहुधा डोक्यापासून सुरुवात करतात: डोके, डोळे, कान, नाक, घसा, मग मान, छाती, हृदय, पोट आणि सर्वांत शेवटी हातपाय. इडिमा म्हणजे सूज. हातपायांच्या ओळीत सूज नाही असे डॉक्टर सांगत असतील, तर ती सूज कशावरची, हा प्रश्न विचारला की उत्तर पावलाशी येते. आता त्या "बेडल"मधला ब काढून तिथे प ठेवून पाहा. पेडल इडिमा. पावलांवरची सूज. तुमच्या पायाखाली रोज असणाऱ्या त्या पेडलचाच हा शब्द.

या डॉक्टरांच्या तोंडी प चा ब होतो, हे एकदा लक्षात आले की त्यांच्या सहा-सात ब्लँकपैकी निदान तीन तरी तिथल्या तिथे सुटतील. "बोस्ट-ऑप" म्हणजे पोस्ट-ऑप, "बलबिटेशन" म्हणजे पाल्पिटेशन, "ब्रेडनिसोन" म्हणजे प्रेडनिसोन. अरबी भाषेत प हा ध्वनी नाही, त्यामुळे ज्यांची मातृभाषा अरबी आहे अशा काही डॉक्टरांच्या इंग्रजीत असे होते. तुमचे डॉक्टर तिकडचे असतील किंवा नसतीलही, आणि ते शोधून काढण्याची तुम्हाला काही गरज नाही. त्यांचा स्वतःचा नियम कळला म्हणजे पुरे.

मराठी माध्यमाला तुम्ही दोष देत आहात, तिथे मला उलटेच सांगायचे आहे. न कळलेला शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिण्याचा प्रयत्न केला, की मन लगेच ओळखीच्या स्पेलिंगकडे ओढले जाते आणि जे ऐकले नाही तेही ऐकू येऊ लागते. तोच शब्द देवनागरीत, जसा कानावर पडला तसा, अर्थाचा विचार न करता लिहा. देवनागरीत जे ऐकले ते जसेच्या तसे कागदावर उतरते. आणि मग आपली वर्णमाला कामाला येते. प, फ, ब, भ, म हे सगळे ओठांवरचे. त, थ, द, ध, न दातांवरचे. परक्या उच्चारात ध्वनी बदलतो तो बहुतेक वेळा आपल्याच घरात किंवा शेजारी सरकतो, फार लांब जात नाही. म्हणून वहीत लिहिलेल्या शब्दातले एकेक व्यंजन त्याच्या वर्गातल्या दुसऱ्या व्यंजनाने बदलून मोठ्याने म्हणून पाहायचे. फिलिपिन्समधल्या काही डॉक्टरांच्या बोलण्यात फ आणि प एकमेकांच्या जागी येतात. मी एकदा "ए-पिब" हा शब्द पाऊण तास घोळवत बसले होते, आणि पुढे औषधांच्या यादीत "वारपरिन" आले तेव्हा एकदम उमगले, की रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणारा रुग्ण आहे, म्हणजे तो ए-फिब, हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा विकार. स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांच्या तोंडी व्ही आणि बी एकच होतात, म्हणून हृदयाची "व्हाल्व्ह" कानाला "बाल्ब" वाटते, आणि शब्दाच्या सुरुवातीच्या स् आधी एक ए येऊन "एस्टूल", "एस्किन" होते. उत्तरेकडची मंडळी "इस्टेशन" म्हणतात ते ऐकलेल्या माणसाला हे नवे नाही. जपानी आणि कोरियन मातृभाषेच्या लोकांत र आणि ल यांची अदलाबदल होते. व्हिएतनामी बोलणाऱ्यांत शब्दाचे शेवटचे व्यंजन गळते, आणि मग फाइव्ह की नाइन हे ठरवणे खरोखर अवघड होते.

आपल्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण मराठी माणसे व्ही आणि डब्ल्यू ही दोन्ही अक्षरे एकाच "व"ने भागवतो. आपल्या नागपूर-पुण्यात शिकून तिकडे गेलेले डॉक्टर जेव्हा डिक्टेशन देतात, तेव्हा तिथली एखादी बाई तुमच्यासारखीच पेडल दाबत बसलेली असते. हे आठवले की त्या परक्या आवाजावरचा राग जरा उतरतो, आणि राग उतरलेल्या कानाला जास्त ऐकू येते, हा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे वळते, कारण तुम्ही पत्राची दोन पाने पहिल्यांवर खर्च केली आहेत आणि दुसऱ्यांना चार ओळी दिल्या आहेत, पण तुमच्याच आकड्यांवरून मला चिंता वाटते ती दुसऱ्यांची. पहिल्यांचे बोलणे कळले नाही हे तुम्हाला कळते, म्हणून तिथे ब्लँक राहतो. दुसऱ्यांचे इंग्रजी ओळखीचे वाटते, म्हणून गिळलेल्या शब्दाच्या जागी तुमचे मन स्वतःहून एक शब्द बसवते आणि तो तुम्ही ऐकला असे तुम्हाला प्रामाणिकपणे वाटते. क्यूएचे शेरे तिथलेच आहेत. या डॉक्टरांसाठी टंकलेखन झाल्यावर एक वेगळी फेरी करा, आणि त्या फेरीत फक्त पाच गोष्टी ऐका: आकडे, औषधे, डावे-उजवे, "नाही" असा अर्थ असलेले शब्द आणि हायपो-हायपर, म्हणजे कमी-जास्त. "अफेब्राइल" म्हणजे ताप नाही. त्यातला अ गिळला गेला की अर्थ उलटा होतो. हायड्रॉक्सिझिन खाज आणि ॲलर्जीवर देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. सेलेब्रेक्स सांधेदुखीसाठी, सेलेक्सा नैराश्यासाठी. अशा नावांचा गोंधळ इतका जुना आहे, की अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००१ मध्ये काही सारख्या नावांतला वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापण्याची पद्धत सुचवली. छापील कागदावर ती डोळ्याला मदत करते; हेडफोनमध्ये आपल्याला मदत करतो तो आजार. रक्तदाबाचा उल्लेखच नसलेल्या रुग्णाच्या यादीत हायड्रॅलाझिन ऐकू आले, तर हात थांबला पाहिजे.

आकड्यांबद्दल थोडे अधिक. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत तिथल्या बोलणाऱ्याचा जोर वेगळ्या ठिकाणी पडतो, फिफ्टीनमध्ये शेवटी, फिफ्टीमध्ये सुरुवातीला. पण ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याचा जोर कुठेही पडू शकतो, म्हणून पहिल्या डॉक्टरांच्या बाबतीत या खुणेवर विसंबू नका. फोनवर सदुसष्ट आणि अडुसष्ट सांगताना आपण "सहा-सात", "सहा-आठ" असे फोडून सांगतो, तसे फोडून सांगण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. ती कशी, ते पुढे सांगते.

ब्लँकविषयी तुमच्या मनात लाज आहे, असे पत्रातून जाणवले. "ब्लँक सोडण्यापेक्षा जवळचा शब्द टाकला तर निदान लाइन तरी मोजली जाईल, असा मोह होतो," हे वाक्य तुम्ही लिहिले आहे, आणि ते लिहिण्याचा प्रामाणिकपणा तुमच्याकडे आहे म्हणून मी स्पष्ट लिहिते. २००८ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात एका मधुमेही महिलेच्या डिस्चार्ज समरीत इन्सुलिनची मात्रा ८ युनिटऐवजी ८० युनिट अशी टंकलिखित झाली. ते टंकलेखन भारतात झाले होते. तो आकडा कोणाच्याही हाती न अडकता पुढे गेला, त्या मात्रेचे इन्सुलिन तिला दिले गेले आणि ती दगावली. २०१२ च्या अखेरीस तिथल्या ज्युरीने तिच्या कुटुंबाला १४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. पैशांचा आकडा मोठा आहे म्हणून तो लक्षात राहतो, पण मला त्या एका शून्यासमोर थांबावेसे वाटते. तिथे ब्लँक असता, तर परिचारिकेने फोन करून विचारले असते. ब्लँकमुळे पुढचा माणूस थांबतो. चुकीचा शब्द त्याला थांबवत नाही.

मात्र ब्लँक कसा सोडायचा याला रीत आहे. नुसती रेघ सोडून पुढे गेलात तर क्यूएला पुन्हा सगळे शोधावे लागते. वेळ लिहा, कानावर जसे पडले तसे लिहा, आणि काय असू शकेल याचा अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच टिपणीत लिहा, अहवालाच्या मजकुरात नको. एका जागी तीनदा ऐका आणि पुढे जा. तीनच का, तर चौथ्या-पाचव्या वेळेपासून कान नवे काही ऐकत नाही, आधी जे वाटले तेच घट्ट करत जातो. शिवाय पासष्ट अक्षरांची एक ओळ धरून पैसे मिळणाऱ्या कामात एका शब्दावर वीस मिनिटे देणे परवडत नाही. फाइल संपली की परत या, आणि त्या शब्दाच्या पाच सेकंद आधीपासून ऐका. डॉक्टर पुढे निदानात किंवा औषधांत तोच शब्द बहुधा पुन्हा वापरतात, कधीकधी जास्त स्पष्ट. पुटपुटणाऱ्याचा वेग कमी केला तर स्वर ताणले जाऊन आणखी गढूळ होते; त्याला उलट थोडा वेग वाढवून ऐकून पाहा. आणि आवाज वाढवू नका. सतत आठ तास कानात आवाज घेणाऱ्या माणसासाठी हे आरोग्याचेही आहे: जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि आपले कामाचे तासच त्या मर्यादेला टेकतात. वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत. तुम्ही पंख्याच्या आवाजाबद्दल लिहिले आहे. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला तर तो खर्च महिन्याभरात वसूल होईल.

या दोन डॉक्टरांची स्वतंत्र वही करा. टीम लीडकडून प्रत्येकाचे क्यूए झालेले वीस-पंचवीस जुने अहवाल मागून घ्या आणि फाइल ऐकण्याआधी ते वाचा, शक्य तर मोठ्याने. डॉक्टर मंडळी फार थोडी वाक्ये वापरतात. सर्जन असतील तर त्यांची पित्ताशयाची दहा ऑपरेशने दहाही वेळा जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली जातात. ती वाक्ये डोळ्यांखालून गेलेली असली, की एसटीच्या कंडक्टरसारखे होते. वहीत एका बाजूला तुम्ही देवनागरीत लिहिलेला आवाज आणि समोर खरा शब्द, एवढेच असावे. रुग्णाचे नाव, तारीख, फाइल क्रमांक यांतले काहीही त्या वहीत नको.

हाच धागा व्हॉट्सॲपच्या प्रश्नाला लागू आहे, आणि इथे माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. चार सेकंदांच्या तुकड्यातही रुग्णाचे नाव किंवा आजार असू शकतो, आणि अमेरिकेत १९९६ पासून असलेल्या हिपा या आरोग्यविषयक कायद्याने ही माहिती काम सोपवलेल्या साखळीबाहेर जाऊ देता येत नाही. मैत्रिणी तुमच्याच कंपनीतल्या असल्या, तरी तो गट कंपनीचा नाही. तुम्ही मला कळवले तसे फक्त ऐकू आलेले दोन शब्द, रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही संदर्भ न देता विचारणे वेगळे. आवाजाचा तुकडा पाठवणे वेगळे. मैत्रिणींनाही हे प्रेमाने सांगा. त्यांची नोकरी जाण्याआधी सांगितलेले बरे.

कंपनीशी बोलायचे तुम्ही टाळत आला आहात. ब्लँक आणि चूक यांना क्यूए एकाच मापाने मोजत असेल, तर ते माप अन्यायाचे आहे आणि शेवटी रुग्णाच्याही विरोधात जाते, कारण त्यातून माणसे अंदाज करायला शिकतात. पण रिकाम्या हाताने तक्रार करू नका. पंधरा दिवस नोंद ठेवा: कोणत्या डॉक्टरच्या फाइलीत किती ब्लँक, त्यांतले किती क्यूएने भरले आणि किती क्यूएलाही भरता आले नाहीत. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. जे क्यूएलाही ऐकू आले नाही, ते तुमच्या कानाच्या खात्यावर जमा करता येत नाही. तिथे बहुधा रेकॉर्डिंगच खराब असते, स्पीकरफोनवर किंवा चालत्या गाडीत दिलेले. ही नोंद घेऊन लीडकडे गेलात, की त्यांच्यामार्फत डॉक्टरांकडे विनंती जाऊ शकते: फोन तोंडाजवळ धरा, नव्या औषधाचे स्पेलिंग सांगा, आकडे फोडून सांगा. आपले बोलणे पलीकडे कसे पोहोचते हे डॉक्टरांना कोणी कधी सांगितलेलेच नसते, आणि सांगितल्यावर बदललेले डॉक्टर मी पाहिले आहेत. सगळे बदलत नाहीत, हेही खरे.

आता नोकरीचे. तीन महिने द्या, आजपासून मोजून, आणि दर आठवड्याला पहिल्या डॉक्टरांच्या प्रत्येक फाइलीमागचे ब्लँक लिहून ठेवा. ते सहा-सातांवरून दोन-तीनांवर आले, तर तुमचा कान बसला, आणि मग सोडायचे असेल तर पगार किंवा घरची गरज पाहून सोडा, कमीपणाच्या भावनेने नको. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर अकाउंट बदलून मागा. सगळ्यांचा कान सगळ्या आवाजांना बसत नाही, माझाही एका डॉक्टरांना कधीच बसला नाही आणि ते अकाउंट मी सोडले. तुमची सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी मेडिकल कोडिंगकडेही, म्हणजे अहवालातल्या आजार-उपचारांना ठरावीक संकेतांक देण्याच्या कामाकडेही, नेऊ शकते, तिथे वाचायचे असते, ऐकायचे नसते. यंत्राने आधी लिहिलेला मसुदा ऐकून दुरुस्त करण्याचे काम आता बरेच वाढले आहे आणि त्यात उच्चारांचा त्रास नाही असे तुम्ही ऐकले आहे; पण यंत्रही याच उच्चारांना अडखळते, आणि अडखळल्यावर ब्लँक न सोडता एखादा सरळ, सफाईदार, चुकीचा शब्द लिहून मोकळे होते. तो पकडायला तुमच्यासारखाच तयार कान लागतो. ते काम घेतलेच, तर अवघड जागी पडद्यावरून नजर काढून आधी ऐका, मग वाचा.

तुमचा दुसरा तुकडा उरला. "बर्कोसेट फाइव्ह थ्री ट्वेंटी-फाइव्ह." शब्द कळला नाही तरी आकडा तुम्ही स्वच्छ ऐकला आहे, आणि इथे तो आकडाच दिवा आहे. तुम्ही लिहिता, की शस्त्रक्रियेनंतर घरी सोडतानाच्या औषधांत तो आला होता. म्हणजे वेदनेवरची गोळी असण्याचा संभव मोठा, आणि दोन घटक एकत्र असलेल्या ज्या गोळीवर ५ आणि ३२५ हे आकडे जोडीने येतात अशी नावे औषधांच्या सूचीत मोजकीच आहेत. त्यांतले एक नाव तुमच्या डॉक्टरांच्या ब ला बरोबर बसते. ते मी इथे लिहीत नाही. आज रात्री काम सुरू करण्याआधी ते वहीत लिहा, ब बदला, सूची उघडा, मात्रा जुळते का ते पाहा, आणि जुळली तरच ती रिकामी जागा भरा.